पडण्याची परीक्षा

“आपल्यातच कोणीतरी चोर आहे!”

एकदा एका नगराच्या चौकात अशी आरोळी उठली आणि चौकातल्या प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याकडे पाहिलं. ओरडलं कोण, हे कोणी विचारलं नाही. त्या नगरात तशी पद्धतच नव्हती. आज याने ओरडावं, उद्या त्याने. महिन्यासाठी म्हणून घरात भरलेला गूळ महिना सरण्याआधी सरायचा, डाळ पुरायची नाही. सासू सुनेकडे बघायची, सून दुकानदाराकडे, दुकानदार हमालाकडे. जेवताना लोक ताटाकडे कमी आणि एकमेकांच्या वाढण्याकडे जास्त पाहत.

अशा नगरात तराजूवर तरी कोण विश्वास ठेवणार? बाजारात माल जोखायला तराजू होते, पण वजनं पारखायला त्यांच्या पूर्वजांनी तराजू फार पूर्वीच सोडला होता. त्यांचं म्हणणं असं होतं की तराजू खरा आहे का, हे वजन टाकून कळतं. आणि वजन खरं आहे का, हे तराजूत घालून. मग त्या दोघांनीच संगनमत केलं तर? म्हणून त्यांनी असा साक्षीदार शोधला, ज्याला कोणी फितवू शकणार नाही. तो साक्षीदार म्हणजे पडणं.

बाजारासाठी ओतलेलं नवं वजन आधी बुरुजावर नेलं जाई. ही वजनं म्हणजे नारळाएवढे लोखंडी गोळे, वर धरायला एक कडी. सगळे एकाच आकाराचे. नगराचा पारखी एका हातात देवळातलं नमुन्याचं वजन घेई, दुसऱ्या हातात नवं, आणि कठड्याबाहेर हात काढून दोन्ही एकदम सोडी. जड वस्तू आधी पडते, हे तर सर्वांना ठाऊकच होतं. त्यामुळे नवं वजन नमुन्याच्या बरोबर किंवा आधी पडलं, तर ते भरीव. मागून पडलं, तर पोकळ. पोकळ ठरलं, की ओतणाऱ्याची भट्टी फोडायची आणि त्याला वेशीबाहेर काढायचं. जुना नमुना गंजला, तर परीक्षेत उतरलेलं एखादं वजन देवळात ठेवून त्याला हळदकुंकू वाहायचं, की झाला नवा नमुना. नियम सोपे होते आणि कोणाला बोलायला जागा नव्हती.

त्या दिवशी तानूबाई ओतारणीचं वजन मागून पडलं होतं.

तानूबाई विधवा होती. नवऱ्यामागे भट्टी तिनेच चालवली होती. तिच्या हाताखाली ओतलेल्या घंटा आजूबाजूच्या गावांत वाजत होत्या, पण बाजारासाठी वजन तिने पहिल्यांदाच ओतलं होतं. खाली दगडी फरशीवर आधी एक धप्प आवाज झाला आणि लगेच दुसरा. दोन आवाजांच्या मधे एक बारीकशी फट होती. तेवढ्या फटीत तिचं सगळं घर जाणार होतं.

“फोडा ते!” ती म्हणाली. “माझ्यासमोर घण घाला. आत बोटभर पोकळी निघाली, तर मी आपल्या पायाने वेस ओलांडते. कोणाला हाकलायला नको.”

लोहाराने घण घातला. वजन दुभंगलं. आत काळंभोर, दाट, भरीव लोखंड होतं. सुईला शिरायला जागा नव्हती.

तुम्हाला वाटेल, प्रकरण मिटलं. पण ज्या नगराला संशयाची सवय असते, तिथे पुरावा मिळाला की संशय वाढतो.

“अहो, पडलं ते वेगळं आणि फोडलं ते वेगळं!” गर्दीतून एक जण म्हणाला.

“खरंच की. मधे उचललं कोणी? नागोजीने!”

बुरुजाच्या पायऱ्या उतरून वजन लोहारापुढे ठेवलं होतं ते नागोजी पारख्यानेच. माणूस साधा. आयुष्यात त्याने कोणाच्या घरचं पाणीही फुकट प्यायलं नव्हतं, कारण पाणी प्यायलं तर लोक काय म्हणतील, याची त्याला धास्ती होती.

“बोला, पारखी,” नगरशेठ म्हणाले. “ओतारीण तुमच्या नात्यातली तर नव्हे?”

“माझी जातगोत वेगळी, शेठजी. मी तिला आज दुसऱ्यांदा बघतोय.”

“पहिल्यांदा कुठे बघितली मग?” कोणीतरी विचारलं आणि लोक हसले. तानूबाईने मान वळवली. नगरशेठांनी निकाल दिला की पुढच्या बाजाराच्या दिवशी भट्टी फुटेल, आणि भट्टीबरोबर नागोजीची पारखी पदाची पगडीही उतरेल.

त्या गर्दीत एक तरुण शिष्य उभा होता.

नगराबाहेर तलावाच्या काठी एका वृद्ध आचार्यांची पाठशाळा होती. आचार्यांकडे समुद्रापलीकडून आलेला एक ग्रंथ होता. ग्रंथ गतीवरचा होता. वस्तू का पडतात, याच्या गप्पा त्यात फारशा नव्हत्या. त्या कशा पडतात, हे त्यात मोजून लिहिलं होतं. आचार्यांनी अनेक वर्षं खपून तो ओळीओळीने आपल्या भाषेत आणला होता. हवेचा अडथळा वगळला, तर जड आणि हलकी वस्तू बरोबरच पडते, असं त्यात लिहिलं होतं. हे वाक्य ऐकून त्या काळचे विद्वान आधी हसत आणि मग चिडत. आमचा शिष्य हे वाक्य ऐकून नाचला होता. जुनं काही कोसळलं की त्याला आनंद व्हायचा. त्या वयात तो व्हायलाच हवा.

तो धावत पाठशाळेत गेला, ग्रंथ उचलला आणि तसाच परत चौकात आला.

“थांबा! ही परीक्षाच खोटी आहे!” तो ओरडला. “जड काय आणि हलकं काय, बरोबरच पडतं. इथे लिहिलंय.”

“कुठे लिहिलंय?”

“या ग्रंथात.”

“लिहिणारा आपल्याकडचा का?”

“नाही. समुद्रापलीकडचा.”

“मग त्याला आमचा बुरुज काय ठाऊक? येऊन चढला होता का कधी?”

चौक पुन्हा हसला. पण नगरशेठ हसले नाहीत. ते व्यापारी होते आणि समोरच्याच्या मालातली खोट शोधणं हा त्यांचा हातखंडा होता.

“अरे मुला, जरा सावकाश,” ते म्हणाले. “आम्ही म्हणतो, जड आधी पडतं. तुझा ग्रंथ म्हणतो, दोन्ही बरोबर पडतं. बरोबर?”

“हो.”

“आणि सकाळी तुझ्या डोळ्यांदेखत काय झालं? एक आधी पडलं, एक मागून. तू ऐकलेस ना दोन आवाज?”

“ऐकले.”

“मग आमच्याबरोबर तुझा ग्रंथही खोटा ठरला की नाही?”

लोकांच्या हसण्यापेक्षा हा प्रश्न शिष्याला जास्त लागला. ग्रंथ काखेत मारून तो तलावाकडे परत निघाला. वाटेत त्याच्या मनात एक विचार शिरला आणि पाठशाळेत पोचेपर्यंत पक्का झाला.

आचार्य अंगणात भाजी निवडत बसले होते.

“आचार्य,” शिष्य उभ्यानेच म्हणाला, “हा ग्रंथ खोटा आहे, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं का?”

“बस.”

“बसत नाही. दोन्ही बरोबर पडतं म्हणता. आज मी माझ्या कानांनी दोन आवाज ऐकले. एक बाई घराबाहेर निघालीये, एक सरळ माणूस चोर ठरलाय, आणि मी तुमचा ग्रंथ वाचून दाखवला तर लोक माझ्या तोंडावर हसले. तुम्ही इतकी वर्षं हेच भाषांतर करत होता? का? नवं सांगितलं की चार शिष्य जमतात म्हणून?”

शेवटचं वाक्य बोलून गेल्यावर तो स्वतःच चपापला. आचार्यांनी मेथीची एक काडी बाजूला टाकली.

“संशय घेतलास, ते बरं केलंस,” ते म्हणाले. “आता सांग, ग्रंथ किती वाचलास?”

“पूर्ण.”

“फळीचं प्रकरण?”

शिष्य अडखळला. “ते चाळलं.”

“काय आहे त्यात?”

“काही नाही हो त्यात. लांब फळी घेतली, तिला पन्हळ कोरली, पन्हळ घासून गुळगुळीत केली, फळी तिरकी ठेवली आणि वरून गोळी सोडली. मग पुन्हा सोडली. मग पुन्हा. कंटाळा येतो. जे सिद्ध झालं, ते पुढच्या पानावर दिलंच आहे की.”

“त्याला पडण्याबद्दल बोलायचं होतं ना? मग त्याने गोळी सरळ खाली का नाही टाकली? फळीची उठाठेव कशाला?”

“मला नाही माहीत.”

“उद्या बुरुजावर चल,” आचार्य म्हणाले, “आणि जाताना सुताराकडून बिजागरी लावलेली एक फळी घेऊन ये.”

आचार्यांच्या विनंतीवरून नगरशेठांनी परीक्षा पुन्हा घ्यायचं कबूल केलं, आणि दुसऱ्या दिवशी बुरुजाखाली आदल्या दिवसापेक्षा जास्त गर्दी होती. तानूबाई आपलं दुसरं वजन घेऊन आली होती. त्याच साच्यातलं, त्याच ओतीचं. ते कोणी बदलू नये म्हणून तिने ते पोटाशी धरलं होतं. पुजाऱ्याने देवळातून नमुना आणला. नगरशेठांनी दोन्हींवर चुन्याने खुणा केल्या आणि ते लोहाराच्या शेजारी फरशीजवळ जाऊन उभे राहिले. वर नागोजी, आचार्य आणि शिष्य एवढेच गेले.

नागोजीने दोन्ही कड्यांत बोटं घातली आणि हात कठड्याबाहेर काढले. खाली सगळे डोळे फरशीवर खिळले. आणि आचार्य मात्र खालच्या फरशीकडे न बघता, नागोजीच्या हातांकडे तोंड करून कठड्यावर बसले.

“ते बघा, म्हातारबुवा भिंतीशी गप्पा मारतायत!” खालून आवाज आला.

“अहो आचार्य, परीक्षा इकडे आहे!”

शिष्याला लाज वाटली. “आचार्य, निदान बघा तरी.”

“बघतोच आहे. तू इकडे ये. खाली बघू नकोस. यांच्या बोटांकडे बघ.”

नागोजीने वजनं सोडली. खाली दोन आवाज झाले. तानूबाईचं पुन्हा मागून.

“आता हात बदला,” आचार्य म्हणाले.

वजनं वर आणली गेली. उजव्या हातातलं डाव्यात, डाव्यातलं उजव्यात. पुन्हा दोन आवाज, आणि पुन्हा तानूबाईचंच मागून. खाली लोकांची खात्री पक्की होत चालली होती. वर शिष्य कठड्यावर वाकून नागोजीच्या बोटांना जवळजवळ नाक लावून पाहत होता. आणखी एकदा वजनं सुटली आणि तो ओरडला, “एक मूठ उशिरा उघडते!”

“काहीतरीच काय!” नागोजी कळवळून म्हणाला. “मी दोन्ही एकदमच सोडतो. माझ्या मुलांची शपथ.”

“तुम्ही एकदमच सोडता, हे मला मान्य आहे,” आचार्य म्हणाले. “एक सांगा, हातात धरल्यावर कोणतं जड लागतं?”

नागोजीने खाली पाहिलं आणि आवाज उतरवला. “हिचंच जड लागतं, आचार्य. कालही लागलं होतं. पण पारख्याने हाताचा अंदाज तोंडावर आणायचा नाही, असा नियम आहे. हात खोटं बोलू शकतो म्हणून.”

आचार्यांनी शिष्याला फळी लावायला सांगितली. फळी बिजागरीने कठड्याला जोडली, तिचं मोकळं टोक सुतळीने वरच्या खुंटीला बांधलं, आणि तिच्या काठावर दोन्ही वजनं शेजारी शेजारी ठेवली. आता ती कोणाच्याच हातात नव्हती. सुतळी कापायला नागोजीलाच सुरी दिली.

सुतळी तुटली, फळी खाली गेली, आणि फरशीवर धप्प असा आवाज झाला.

एकच.

खालचे लोक दुसऱ्या आवाजाची वाट पाहत थांबले. तो आलाच नाही. पुन्हा वजनं वर चढली, फळी पुन्हा बांधली गेली, आणि नगरशेठांनी फरशीला कान लावायचा बाकी ठेवून ऐकलं. एकच आवाज.

मग आचार्य नागोजी आणि शिष्यासह खाली आले. ते फार मोठ्याने बोलले नाहीत, त्यामुळे लोकांना जवळ यावं लागलं.

“जड वस्तू हात घट्ट आवळून धरतो,” ते म्हणाले. “आवळलेली मूठ सैल व्हायला किंचित वेळ लागतो, आणि तो वेळ मूठ ज्याची आहे त्यालाही कळत नाही. तानूबाईंचं वजन नागोजींच्या हाताला जड लागत होतं. नागोजी खोटं बोलले नाहीत. तानूबाईंनी कोणाला फसवलं नाही. तुम्ही एकमेकांवर संशय घेतलात, ओतारणीवर घेतलात, पारख्यावर घेतलात, परक्या ग्रंथावर घेतलात. जड आधी पडतं, या एका समजुतीवर मात्र कोणी घेतला नाही, कारण ती सगळ्यांची होती. आणि निकाल जमिनीवर लागतो असं वाटल्यामुळे सगळे जमिनीकडे बघत राहिलात.” मग ते शिष्याकडे वळले. “तूही तेच केलंस. ग्रंथाचा निकाल तेवढा उचलून आणलास. ज्याने तो ग्रंथ लिहिला, त्याने पहिला संशय स्वतःच्या डोळ्यांवर घेतला होता. पडणं इतकं झटकन होऊन जातं की आपल्याला ते नीट दिसतच नाही, हे त्याने कबूल केलं. म्हणून त्याने फळी तिरकी केली, पडणं संथ केलं, आणि पुन्हा पुन्हा पाहिलं. तू ज्याला कंटाळवाणं म्हणालास, त्यावर तो ग्रंथ उभा आहे. तेवढं वगळलंस, तर त्याच्या ग्रंथात आणि पुजाऱ्याच्या पोथीत फरक काय राहिला?”

शिष्याने मान खाली घातली. पण विचार त्याने थांबवला नव्हता, आणि त्याच्या आधी तानूबाईचा पुढे गेला होता.

“आचार्य,” ती म्हणाली, “म्हणजे जेवढं वजन जड, तेवढं ते या परीक्षेत मागून पडणार?”

“हो.”

“आणि हलकं असेल, ते आधी?”

नगरशेठांचा चेहरा उतरला. हिशेबाचा माणूस असल्यामुळे ते इतरांच्या आधी तिथे पोचले होते.

“माझा साचा यांच्याच मापाचा,” तानूबाईचा आवाज चढला. “आकार तोच, लोखंड तेच. मग माझं हातात जड का लागतं? फोडा तो नमुना!”

“तोंड सांभाळ, बाई!” पुजारी पुढे झाला. “त्याला रोज हळदकुंकू वाहतो आम्ही.”

“माझ्या वजनावर घण घातला तेव्हा कोणाला काही वाटलं नाही ते!”

गर्दीत कोणी हसलं नाही. नगरशेठ म्हणाले, “बाई, तुझं खरं ठरलं. भट्टी तुझी तुझ्याकडे राहील, पारख्याची पगडी पारख्याकडे. आता इथेच थांबू या.”

“का थांबायचं?” शिष्य म्हणाला. या वेळी त्याच्या हातात ग्रंथ नव्हता.

कोणी काही बोलण्याआधी नागोजीने लोहाराच्या हातातला घण घेतला. ज्या नमुन्याच्या शब्दावर त्याने आयुष्यभर निकाल दिले होते, तो त्याने फरशीवर ठेवला, आणि दोन्ही हातांनी घण उचलून घातला. नमुना अंड्यासारखा फुटला. आतून वाळू सांडली. कधीतरी कोणीतरी पोटात वाळूचा गाभा ठेवून तो ओतला होता. हलका म्हणून तो आधी पडला होता, आधी पडला म्हणून खरा ठरला होता, आणि खरा ठरला म्हणून देवळात जाऊन बसला होता. त्याच्याबरोबरीने उतरलेली वजनं त्या क्षणीही बाजारातल्या प्रत्येक दुकानात गूळ आणि डाळ जोखत होती.

गर्दीतल्या एकाने सवयीने शेजाऱ्याकडे पाहिलं, आणि मग नजर खाली वळवली. तानूबाईने आपलं वजन उचललं, पदराने त्याच्यावरची धूळ पुसली, आणि ती भट्टीकडे चालू लागली. शिष्य बराच वेळ वाळूकडे पाहत उभा होता. काल आपण जिंकलो असतो, तर आपल्याला हे कधी दिसलं नसतं, हे त्याला तिथे उमगलं.

बुरुजाच्या सावलीत एक म्हातारी फुटाणे विकत बसलेली होती. आचार्य काय बोलले, ते तिने हातातलं काम न थांबवता ऐकलं होतं. लोक पांगू लागले, तेव्हा ती कोणाकडेही न बघता म्हणाली,

“मग आजवर ज्यांच्या भट्ट्या फोडल्या, ती चांगलीच माणसं होती म्हणायची.”